खानापूर ते लंडन: आई-बाबांना मुंबईहून पाठवू की बंगळूरहून?

खानापूरकर: नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावजवळच्या खानापूरचे. आई-बाबा ऑक्टोबरात ताईकडं लंडनला चाललेत. बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखरे. मुंबई–लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किमी, बंगळूर–लंडन ८,००० च्या आसपास. म्हणजे मुंबईच बरी ना? जाऊन आलेल्यांनी सांगा.

टिळकवाडी: तो आठशे किमीचा फरक विमानात तासाभराचा. त्यावरून ठरवू नका. मुंबईला गाडीनं गेलात तर दहा तास कुठंच गेले नाहीत, वर सातारा-कराड पट्ट्यात रस्त्याचं काम. तीन तास आधी विमानतळ, मग नऊ-दहा तास विमान. आईंच्या गुडघ्यांचं काय होईल बगा.

सांबरा_रोड: बेळगावच्या सांबरा विमानतळावरूनच बसवा की! मुंबई असो वा बंगळूर, तासा-सव्वा तासात पोचतात. फक्त लंडनपर्यंतचं एकच तिकीट, एकच पीएनआर पायजे. पहिलं विमान लेट होऊन पुढचं चुकलं तर दुसऱ्यात बसवायची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर पुढचे पैसे गेले समजा. आमच्या पाहुण्यांचं तसंच झालं, दोन हजार वाचवायला गेले आणि नवं तिकीट घ्यावं लागलं.

एका तिकिटावर बॅगाही सहसा थेट लंडनला जातात, काउंटरवर विचारून घ्या. परत येताना मात्र मुंबईत किंवा बंगळुरात कस्टमसाठी बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

निपाणीची_सून: एकाच तिकिटाचं जमलं नाही तर बंगळूर वंदे भारतनं गाठा, ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून आहे. पहाटे सुटते, दुपारी मॅजेस्टिक, म्हणजे बंगळूरचं मुख्य स्टेशन. पण तिथून देवनहळ्ळीचं विमानतळ तीस-पस्तीस किमी आणि ट्रॅफिक विचारू नका. त्याच रात्रीचं विमान धरू नका, मुक्काम करा. सासूबाईंना मी तसंच नेलं, एकदम निवांत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, वेगळे पैसे लागत नाहीत.

खानापूरकर: आणि गोवा? जांबोटी-चोर्ला घाटानं मोपा विमानतळ आम्हाला जवळ की.

सांबरा_रोड: गोव्याहून लंडनचं थेट विमान कधी असतं, कधी नसतं. आखातात बदलून जाता येतं, पण रात्री-अपरात्री गेट शोधत फिरायचं. तरुणांना ठीक ओ.

टिळकवाडी: अजून एक. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, तेव्हापासून त्यांना पश्चिमेला जाताना वळसा पडू लागला. म्हणून किमीवरून तास काढू नका, तिकिटावरची वेळ बगा. येताना तास-दीड तास कमी लागतो, वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात ना.

खानापूरकर: ठरलं मग, सांबरा–बंगळूर–लंडन, एकच तिकीट. ताईसाठी कुंदा चालेल का?

निपाणीची_सून: नाही हो! कुंदा दुधाचा. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, सापडला की काढून घेतात. शेंगदाण्याची चटणी द्या, पिशवी मात्र घट्ट बांधा.