रस्ता ओलांडला की खासदार बदलतो
वर एकाने लिहिलंय की अमेरिकेतली मतदारसंघ फेररचना म्हणजे आपलंच डीलिमिटेशन, जनगणनेनंतरचं कारकुनी काम. तसं नाहीये हो. आपल्याकडे न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालचा आयोग असतो. तिकडे बहुतेक राज्यांत नकाशा विधिमंडळच काढतं. कुंपणालाच शेत राखायला दिलंय म्हणा ना!

नॉर्थ कॅरोलिनाचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये तिथले रिपब्लिकन आमदार डेव्हिड लुईस समितीत उघड म्हणाले की राज्यातल्या खासदारांच्या १३ पैकी १० जागा आमच्या आणि ३ डेमोक्रॅट्सच्या असा नकाशा काढू, कारण ११-२ जमेल असं वाटत नाही. (प्रामाणिकपणाचे मार्क द्यायला हरकत नाही.) ग्रीन्सबरोमध्ये त्या नकाशाची रेघ चक्क एका ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या मधून, लॉरेल स्ट्रीटवरून गेली. रस्त्याच्या अलीकडची मुलं एका मतदारसंघात, पलीकडची दुसऱ्यात. डेमोक्रॅट्सची गठ्ठा मतं फुटली, दोन्हीकडे रिपब्लिकन खासदार.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०१९ मध्ये ५-४ असा निकाल लागला: पक्षीय फायद्याचा नकाशा हा राजकीय प्रश्न, फेडरल (केंद्रीय) कोर्टांनी त्यात पडू नये. राज्यांनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न बघता रिपब्लिकनांसाठी ५ जादा जागांवर डोळा ठेवून नवा नकाशा केला. उत्तर म्हणून डेमोक्रॅट्सच्या हातातल्या कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमध्ये मतदारांचा कौल घेऊन स्वतःच्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. मला तर हे दुसरंच जास्त टोचलं.