ओव्हरवॉचचे लघुपट: गोष्ट पडद्यावरच का राहिली?

सांजवारा:
ब्लिझार्ड कंपनीचा ‘ओव्हरवॉच’ हा दोन संघांतील नेमबाजीचा व्हिडिओ गेम मे २०१६ मध्ये आला, पण त्यातील पात्रांचे ॲनिमेटेड लघुपट मार्चपासूनच प्रसिद्ध होऊ लागले होते. ते उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप असा, की त्यांनी ज्या कथेची ओढ लावली ती गेममध्ये पुढे सरकलीच नाही. ‘अलाइव्ह’ या लघुपटात मारेकरी विडोमेकर लंडनमध्ये मोंडाट्टा या यंत्रमानवांच्या नेत्याची हत्या करते आणि नायिका ट्रेसर तिला रोखू शकत नाही; गेममध्ये मात्र या दोघी एकाच संघातून खेळू शकतात आणि त्या हत्येचा सामन्यावर काडीचाही परिणाम होत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘झीरो अवर’ या लघुपटासोबत गेमच्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली, तेव्हा कथाप्रधान मोहिमा मिळतील असे सांगितले गेले. मे २०२३ मध्ये त्यांपैकी मोठा भाग असलेला ‘हिरो मोड’ हा खेळप्रकार रद्द झाला आणि ऑगस्टमध्ये तीन मोहिमा वेगळे पैसे आकारून दिल्या गेल्या. ज्यांनी या पात्रांवर जीव लावला, त्यांची ही फसवणूकच आहे.

चौकट:
रद्द झालेल्या मोहिमांबद्दल सहमत आहे, परंतु गेममध्ये गोष्टच नाही हे मान्य नाही. आयशेनवाल्डचा नकाशा, म्हणजे गेममधील लढाईचे ठिकाण, सप्टेंबर २०१६ मध्ये आला आणि तेथील किल्ल्यात सिंहासनावर चिलखतासह बसलेला, राइनहार्ट या पात्राचा गुरू बाल्डेरिख याचा मृतदेह तेव्हापासून आहे. तो तिथे कसा मरण पावला, हे सांगणारा ‘ऑनर अँड ग्लोरी’ हा राइनहार्टवरचा लघुपट नोव्हेंबर २०१७ मध्ये आला. म्हणजे जागा आधी आणि तिचा इतिहास नंतर, असा हा क्रम होता. लघुपट पाहून त्याच दालनात पुन्हा लढताना, गुरूच्या देहासमोर उभ्या असलेल्या राइनहार्टला खेळवणे ही वेगळीच अनुभूती असते, आणि ती नुसत्या चित्रपटाने मिळाली नसती.

सांजवारा:
उदाहरण खरोखर चांगले आहे. तरीही तो मृतदेह म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची खूण आहे. मला पुढे काय घडते ते हवे होते. विन्स्टन या पात्राने ‘रिकॉल’ या लघुपटात जुन्या सोबत्यांना परत बोलावले, त्यानंतर त्यांचे काय झाले, हे खेळणाऱ्याला वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने अनुभवता आले नाही.

रानवेडा:
आपण दोघेही लघुपटांना गेमच्या हिशेबातच का मोजता? ‘राइज अँड शाइन’ या लघुपटात शास्त्रज्ञ मेई अंटार्क्टिकाच्या संशोधनकेंद्रात नऊ वर्षांनी शीतनिद्रेतून जागी होते, सहकारी जिवंत नाहीत हे तिला कळते, आणि हाताशी असलेली साधने जुळवून ती वादळातून वाट काढते. त्यात जवळपास कोणाशीच लढाई नाही. गेम कधीही न खेळलेल्या माणसालाही तो पूर्ण समजतो. तो जाहिरातीच्या पैशांतून तयार झाला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही, आणि पुढचा भाग आला नाही म्हणून तो अपुराही ठरत नाही.

सांजवारा:
मेईचा लघुपट स्वयंपूर्ण आहे, हे मान्य. ‘झीरो अवर’बद्दल तसे म्हणता येणार नाही, कारण तो एका मोहिमेच्या प्रारंभावर थांबतो, आणि ती मोहीम देण्याचा शब्द खुद्द निर्मात्यांनीच दिला होता.