प्रति: लेप्टिनच्या गोळ्या घेऊन चरबी उतरते का?

वर लेप्टिनच्या गोळ्यांबद्दल विचारलंय, तर प्लीज त्यावर पैसे घालवू नका. लेप्टिन म्हणजे शरीरात चरबी पुरेशी आहे, भूक कमी कर असं मेंदूला कळवणारं हार्मोन. ते प्रोटीन आहे, तोंडावाटे घेतलं की पोटात सरळ पचून जातं. आणि मुळात ते बनवतात चरबीच्या पेशीच, त्यामुळे वजन जास्त असलेल्या बहुतेकांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही. १९९४ मध्ये शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने त्याचं जीन शोधलं तेव्हा केवढी आशा वाटली होती, पण इंजेक्शनचा खरा फायदा झाला तो ज्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नाही किंवा अगदीच कमी बनतं अशांना.

बाकी इन्सुलिन हे हार्मोन चरबी फुटू देत नाही असं वर म्हटलंय ते बरोबर आहे, जेवल्यावर ते वाढलं की साठलेली चरबी फोडणारं एन्झाइम थंडावतं.