मदत हवी आहे: अपिलाच्या निकालाचा अर्थ लागत नाही

वाटणीच्या दाव्यात वडिलांनी केलेल्या अपिलाचा निकाल लागलाय. नक्कल मिळून आठ दिवस झाले, ३८ पानं तीनदा वाचली. आम्ही जिंकलो की हरलो, तेच कळत नाही.

थोडक्यात पार्श्वभूमी. आत्याने वाटणी मागितली होती. तिच्या हिश्श्याला आमची हरकत नाही. वाद एकाच गटाचा (जमिनीच्या तुकड्याचा) आहे. तो वडिलांनी नोकरीत असताना स्वतःच्या पगारातून घेतला, तरी खालच्या कोर्टाने वाटणीत धरला. अपील तेवढ्यापुरतंच.

आता निकालपत्र. 'हा गट प्रतिवादी क्र. २ यांची स्वकष्टार्जित मिळकत आहे काय?' या मुद्द्यासमोर निष्कर्ष आहे 'अंशतः होकारार्थी'. जमीन अंशतः स्वकष्टार्जित कशी असते? विहिरीपर्यंत वडिलांची आणि पुढे आजोबांची?

पुढे परिच्छेद ३१ मध्ये, अकरा ओळींच्या वाक्याच्या शेवटी: 'अपिलार्थीचा युक्तिवाद अमान्य करता येणार नाही असे म्हणता येणार नाही.' बोटांवर 'नाही' मोजले. दोन आहेत, ते एकमेकांना खोडतात, म्हणजे अमान्य? मग होकारार्थी कशाला? शिवाय वडील कुठे अपिलार्थी, कुठे प्रतिवादी क्र. २, तर एका जागी चक्क वादी.

आदेश असा: 'अपील अंशतः मंजूर. हुकूमनामा वरील विवेचनाच्या मर्यादेत कायम.' गटाचा उल्लेखच नाही. वकीलसाहेब 'बघू' म्हणतात. यावर काय करता येतं?

प्रतिसाद १
आधी अपिलाच्या हुकूमनाम्याची वेगळी नक्कल काढा. निकालपत्रात कारणं असतात, अंमलबजावणी हुकूमनाम्याची होते. नुसती लेखनाची किंवा आकड्याची चूक असती तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्त झाली असती, पण हे त्यापलीकडचं दिसतंय. त्याच कोर्टात पुनर्विलोकन (निकालाचा फेरविचार) मागायला ३० दिवस, उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलाला ९०. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वगळतात. दुसऱ्या अपिलाला मात्र कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. वकिलांना त्याच संहितेतला आदेश ४१, नियम ३१ दाखवा. अपिलाच्या निकालात मुद्दे, त्यावरचा निर्णय, त्याची कारणं आणि काय दाद दिली, हे सगळं यायलाच हवं. तुमचं दुखणं शेवटच्या बाबीत आहे. आणि 'बघू'वर महिना घालवू नका.

प्रतिसाद २
तुम्ही एकटे नाही. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल समजतच नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द करून परत पाठवला होता. तिथल्याच दुसऱ्या एका निकालावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. एम. आर. शहा सुनावणीतच म्हणाले होते की शेवटचा परिच्छेद वाचून टायगर बाम लावावा लागला. त्याच प्रकरणात २०२२ मध्ये निकाल कसा लिहावा हेही सांगितलं: परिच्छेदांना क्रमांक द्या, आधी मुद्दा, मग कायदा, मग तो या प्रकरणाला कसा लागू होतो, मग निष्कर्ष.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आजच हुकूमनाम्याच्या नकलेचा अर्ज द्यायला गेलो. कारकून म्हणाला, हुकूमनामा अजून तयार व्हायचाय, त्या गटाचं काय लिहायचं ते साहेबांना विचारावं लागेल. आता थांबू की पुनर्विलोकनाचा अर्ज आधीच टाकू?