वायकिंग प्रदर्शन आणि विक्रीचं कपाट: काय ठेवावं, काय टाळावं?

मलप्रभाकाठ: खानापूर तालुक्यातल्या आमच्या छोट्या इतिहास संग्रहालयात पावसाळ्यात समुद्री सत्तांवर फलकांचं प्रदर्शन आहे. एका बाजूला हलशीत राजधानी असलेले गोव्याचे कदंब आणि बोरिवलीजवळच्या एकसरचे नौकायुद्धाचे वीरगळ, दुसऱ्या बाजूला उत्तर युरोपातले दर्यावर्दी वायकिंग. तिकिटाच्या टेबलाशेजारी विक्रीसाठी काचेचं एक कपाट आहे. येणार बहुतेक शाळेच्या सहली, मराठी आणि कन्नड दोन्ही. घाऊकवाले शिंगांची शिरस्त्राणं, प्लास्टिकच्या तलवारी, होकायंत्रासारख्या चिन्हाची लॉकेटं दाखवतात. यातलं काय घ्यावं? आणि पुस्तकं?

सोळा_अक्षरं: शिंगं नकोत ओ. ती १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला झालेल्या, वाग्नर या संगीतकाराच्या संगीतनाट्याच्या वेशभूषेतून रूढ झाली. नॉर्वेत येर्मुंडबूला १९४३ मध्ये सापडलेलं लोखंडी शिरस्त्राण बघा, शिंगं नाहीत, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी आहे. ते होकायंत्री चिन्हही आइसलँडच्या १८६० च्या हस्तलिखितातलं, म्हणजे वायकिंग काळानंतर कित्येक शतकांनी आलेलं. वायकिंगांचा देव थोर, त्याच्या हातोड्याचं लॉकेट मात्र खरं, तशी उत्खननात मिळालेली आहेत. स्वस्त धातूत निकेल असतं, गळ्याला पुरळ येतं. हुपरीच्या चांदीकामवाल्यांकडून थोडी करून घ्या.

रून, म्हणजे वायकिंगांच्या लिपीतली अक्षरं, त्यात नाव कोरून देणार असाल तर बाजारातले तक्ते २४ अक्षरांचे असतात, ती लिपी आधीच्या काळातली. वायकिंग काळातली १६ चीच. तिच्यात त-द ला एकच खूण, क-ग ला एकच, प-ब ला एकच. 'दीपा' लिहिलं की 'तिबा'ही वाचता येतं! हे कार्डावर छापा, पोरांना तेच आवडेल. काही रून नाझींनी उचलले होते, त्यामुळे सुटी रूनचिन्हं विकू नका.

भट्टीवाला: कपाटात एकच वस्तू ठेवायची असेल तर पटावरचा खेळ ठेवा. वायकिंग जो 'ह्नेफाताफ्ल' खेळत, त्याच कुळातला 'ताब्लुत' लिनीअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७३२ मध्ये स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेला, लॅपलँडमध्ये पाहून टिपून ठेवला. ९ × ९ घरं, मधोमध राजा, त्याचे ८ रक्षक, बाहेर १६ हल्लेखोर. सोंगट्या बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या सरळ चालतात, दोन बाजूंनी कोंडलं की मारल्या जातात. राजा पटाच्या कडेला पोचला की जिंकला. नियमांच्या बऱ्याच चिठ्ठ्यांत एक चूक असते: राजाला पकडायला नेहमी चारही बाजू हव्यात, असं छापतात. मग राजा फारच सहज सुटतो. चार बाजू फक्त तो सिंहासनावर, म्हणजे मधल्या घरात असताना, सिंहासनाला लागून असेल तर तीन, एरवी दोनच.

सोंगट्या खानापूरच्या मातीच्या होतील. लाल तशाच भाजा, काळ्यांना भट्टी कोंडून धूर द्या, रंग लागत नाही. माती सुकून-भाजून दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणून १८ मिमी हवी तर साचा २० मिमीचा. राजाला वर गोंडा. २५ सोंगट्या अधिक दोन जादा, कारण हरवतातच. पट एमडीएफचा (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीचा) नको, इथल्या पावसात फुगतो. जाड सुती कापडावर स्क्रीन-छपाई करा, घर ३ सेंमी, म्हणजे चौकट २७ सेंमी आणि कडेला दुमड. गुंडाळून सोंगट्यांसकट थैलीत जातं.

एक कायद्याची गोष्ट. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला सूट आहे, तेव्हा नोंदणी असलेलाच कारागीर धरा. चिन्ह नसलेल्या त्या प्लास्टिकच्या तलवारी सरळ परत पाठवा.

दमट_कपाट: पुस्तकं कमी ठेवा, आणि प्रकाशकाकडून 'न विकलेली परत' या बोलीवरच. घेण्याआधी तीन गोष्टी चाळा: मुखपृष्ठावर शिंगं आहेत का, नकाशा आहे का, व्यापार आणि शेतीवर प्रकरण आहे की नुसती लूटमार. मराठी-कन्नड पुस्तिका स्वतः छापत असाल तर मधे पिन मारायला पानं चारच्या पटीत, १६ पुरतात. दोन-तीनशे प्रती डिजिटलवर काढा, त्याहून खूप जास्त असतील तरच ऑफसेट.

पोस्टकार्डासाठी स्वीडनमधल्या हेल्ग्यो बेटावर १९५६ मध्ये सापडलेल्या छोट्या कांस्य बुद्धाला तोड नाही. मूर्ती आपल्या उपखंडाच्या वायव्येकडची, गेली थेट तिकडं. फोटोचा परवाना आधी वाचा, 'अव्यापारी' असेल तर कार्ड विकता येत नाही.

आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. जुलैत भिंतीला ओल येते, पुस्तकांच्या पाठीला बुरशी तिथूनच धरते.

मलप्रभाकाठ: कापडी पट ठरला. कार्डावर कन्नड वर की मराठी?

दमट_कपाट: एका बाजूला एक, मागं दुसरी. रॅकवर निम्मी उलटी लावा.