गॅसवर चालणारी रायफल: चकाचक हवी की नुसती ओली?

काजळीप्रेमी:
मत सांगतो, शिव्या नंतर घाला. गॅसवर, म्हणजे गोळी सुटताना होणाऱ्या वायूच्या दाबावर, चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली मळापेक्षा मालकाच्या सफाईच्या गजाने जास्त खराब होतात. रेंजवरून आलं की लगेच खसाखसा घासायचं, तेही तोंडाकडून! नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम गेलाच. एआर-१५ मध्ये गॅस थेट बोल्ट कॅरियरमध्ये (नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट ज्यात बसतो तो सरकता भाग) शिरतो, त्यामुळे बोल्टच्या शेपटीवर काजळी धरणारच. धरू दे. कॅरियरच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर आणि बोल्ट फिरवणाऱ्या कॅम पिनवर तेल सोडा, झालं. मळलेली पण तेलाने ओली रायफल चालते, कोरडी अडते.

चिंधीबहाद्दर:
'हिला सफाई फारशी लागत नाही' हे ऐकूनच १९६०च्या दशकात अमेरिकन सैनिक एम-१६, म्हणजे एआर-१५चाच लष्करी अवतार, घेऊन व्हिएतनामला गेले. सफाईचं सामान अपुरं, काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) क्रोमचा मुलामा नाही. ऐन चकमकीत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या चेंबरमध्ये अडकायला लागल्या. मग क्रोमही आलं आणि ब्रशही.

काजळीप्रेमी:
चेंबर घासू नका असं मी कुठे म्हटलं? मी शेपटीबद्दल बोलतोय. आणि तुमच्याच यादीत दारू आणि क्रोम आहेत की, नुसती सफाई नाही.

तेलकट:
तुम्ही दोघं एआर सोडून बोलतच नाही. एसकेएस किंवा एके या रशियन रायफलींचा, गॅसने ढकलला जाणारा पिस्टन आणि तो ज्यात सरकतो तो गॅस सिलिंडर कोरडाच ठेवायचा, तिथलं तेल जळून काजळीचा थर होतो. गॅरंडला (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन रायफल) उलट ग्रीस लागतं, बोल्ट मागेपुढे नेणारा ऑपरेटिंग रॉड जिथे घासतो तिथे आणि बोल्टच्या कानांना.

माझा शहाणपणा सांगतो. फायरिंग पिनच्या (काडतुसावर आदळणारी सुई) भोकात सढळ हाताने तेल ओतलं होतं. थंडीत ते गोठल्यासारखं झालं. चाप ओढला, टक्. प्राइमरवर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) नखाएवढाही खड्डा नाही. हसण्यावारी नेलं, पण एसकेएसची पिन मोकळी असते. ती चिकट्यात पुढे अडकून राहिली, तर बोल्ट बंद होतानाच गोळी सुटते, चापाला बोटही न लावता.

चिंधीबहाद्दर:
घ्या! म्हणजे सफाईच. आणि जुनी लष्करी काडतुसं वापरणाऱ्यांनी 'ओली ठेवा' मुळीच ऐकू नका. त्यांच्या प्राइमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटचा क्षार मागे राहतो, तो हवेतली ओल ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्याच दिवशी नळी, पिस्टन, गॅस सिलिंडर गरम पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मग नळीत तेलाचा हलका हात.

काजळीप्रेमी:
क्षाराचं मान्य, तिथे माझा नियम लागत नाही. पण गॅरंडची नळी मागून साफ होत नाही, गज तोंडातूनच जातो. तिथे गज मधोमध धरणारं टोपण न लावता घासणारे किती आहेत, तेही सांगा की.

चिंधीबहाद्दर:
टोपण माझ्याकडे आहे. तुमच्या बोल्टची शेपटी शेवटची कधी दिसली होती?

काजळीप्रेमी:
काळी आहे. चालतेय.