एचआयव्ही निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं नाही

वर कुणीतरी लिहिलंय की टॅलरोमायसिस मार्नेफाय ही बुरशी फक्त एड्सच्या रुग्णांत आणि तीही थायलंड-व्हिएतनामकडेच, आपल्याकडे विचार करायची गरज नाही. पहिल्या भागाशी अर्धाच सहमत. बहुसंख्य रुग्ण एचआयव्हीचेच, खरंय. पण ही बुरशी १९५६ मध्ये व्हिएतनाममधल्या बांबूच्या बनातल्या उंदरात सापडली, आणि माणसातली पहिली नैसर्गिक लागण १९७३ मध्ये नोंदली गेली ती हॉजकिन्स लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) एका अमेरिकन रुग्णात. एड्सचं नावही तेव्हा कुणाला माहीत नव्हतं! शिवाय काही जणांच्या शरीरात इंटरफेरॉन-गॅमा या संसर्गाशी लढायला मदत करणाऱ्या प्रथिनाविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात, आणि त्यांनाही ही बुरशी गाठते. त्यांची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह येते आणि डॉक्टर टीबीची औषधं देत बसतात.

दुसरं म्हणजे भूगोल. भारतात मणिपूरमधून याचे रुग्ण नोंदले गेलेत, आणि तिथली कितीतरी मुलं आज पुण्या-मुंबईत नोकरी करतात. बुरशी शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकते, म्हणून 'गेल्या महिन्यात कुठे गेला होतात' एवढंच विचारून भागत नाही. चेहऱ्यावर मध्ये खळगा असलेल्या पुळ्या, ताप, वजन घटणं असं एकत्र दिसलं तर पुळीची बायोप्सी करावी. सूक्ष्मदर्शकाखाली ती हिस्टोप्लाझ्मा या दुसऱ्या बुरशीसारखी दिसते, फक्त हिला अंकुर फुटत नाहीत, पेशी मधोमध पडदा येऊन दुभंगते. आणि उपचाराची सुरुवात स्वस्त गोळ्यांवर नको: व्हिएतनाममधल्या ४४० रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांअखेर इट्राकोनाझोलच्या (म्हणजे गोळ्यांच्या) गटात २१ टक्के दगावले, अँफोटेरिसिनच्या (शिरेतून देतात त्या औषधाच्या) गटात सुमारे ११.